मारल्यावर अर्ध्या तासानं

गारखेडा, औरंगाबाद
२१ जून २०१५

कारभारी भाऊ,

माय माझ्याकडं आहे. एवढं एक वाक्य वाचून पत्र परत धाडलंस तरी चालेल, म्हणून तेच पहिल्यांदा लिहिलं.

गेल्या दोन वर्षांत मी तुला तीन पत्रं लिहिली. तिन्ही परत आली, 'घेण्यास नकार' असा शेरा मारून. तुझा राग बरोबर आहे. मी गारखेड्यात राहते, हर्सूलचा तुरुंग इथून रिक्षानं अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर, तरी एकदाही मुलाकातीला आले नाही. मुलाकात मागायची हिंमतच झाली नाही.

पण आता मायचं सांगायचं आहे. पंधरा दिवसांपूर्वी तिला चुलीपुढं फिट आली. भाकरी भाजत होती. डावा हात कोपरापर्यंत जाळात गेला आणि अंग आकडलं होतं तोवर तिथंच राहिला. आबा ओसरीवर बसला होता. उठला नाही. शेजारच्या दगडाबाईला कातडं जळाल्याचा वास आला, तिनं धावत जाऊन मायला ओढून काढलं. मला फोनही तिनंच केला. म्हणाली, "आशे, तुझ्या मायला घेऊन जा. पुढच्या टायमाला मी घरी असंन का नसंन." आबा तालुक्याला गेलाय हे बघून मी दुसऱ्याच दिवशी गेले आणि तिला घेऊन आले.

हाताची जखम भरत आली आहे. बोटं मात्र नीट मिटत नाहीत.

तुला माहीत नसेल, मी एका मेंदूच्या डॉक्टरबाईंकडं कामाला आहे. पद्मजा मॅडम. पेशंटच्या डोक्याला एकवीस तारा चिकटवायच्या आणि मेंदूतली वीज कशी चालते त्याचा आलेख काढायचा, हे माझं काम. ईईजी म्हणतात त्याला. शेकडो डोकी झाली असतील माझ्या हाताखालून. मायचं मात्र कधी बघितलं नाही. गावात अजून म्हणतात की तिच्या अंगात येतं. आबा म्हणतो, सोंग आहे. तू लहान होतास तेव्हापासून हेच चाललंय.

मंगळवारी तिचा ईईजी करणार आहे.

तुझी,
आशा

३० जून २०१५

भाऊ,

पत्र परत आलं नाही. वाचलंस की नाही ठाऊक नाही, पण घेतलंस. ही पत्रं तुझ्याआधी तिथले साहेब वाचतात, ते मला माहीत आहे. वाचू देत.

मंगळवारी मायला टेबलावर निजवलं. केसांत भांग पाडत पाडत तारा लावल्या. डोक्यात जागोजागी जुन्या जखमांचे वण आहेत, बोटाला लागत होते. डोळे मिटायला सांगितले आणि मशीन सुरू केलं.

डोळे मिटून निवांत पडलेल्या माणसाच्या मेंदूत, मागच्या बाजूला, सेकंदाला नऊ-दहा लाटा उठतात. एकसारख्या, एका मापाच्या. मायची लय इतकी सुरेख होती की मी मॅडमना हाक मारून दाखवली. चोपन्न वर्षांची बाई, सारा जन्म मार खाल्लेली, आणि पडद्यावर त्या लाटा अशा शांत चाललेल्या.

अकराव्या मिनिटाला बाहेर आवाज आला. "सरू कुठंय? माझी बायको कुठं लपवली?"

आबा होता. गावातून पत्ता काढत आला होता. मायनं डोळे उघडले नाहीत, हात हलवला नाही, पण पडद्यावरची ती लय एका क्षणात मोडली. सगळीकडं बारीक, दाट, वेड्यावाकड्या रेघा झाल्या. मी आतून कडी घातली. बाहेर वॉचमननं आणि दोन पेशंटच्या माणसांनी मिळून त्याला जिन्याखाली नेलं. जाताना त्यानं रिसेप्शनची काच फोडली.

तीन-चार मिनिटांत सगळं शांत झालं. मला खिडकीतून दिसत होतं, तो समोरच्या टपरीवर चहा पीत बसला होता.

माय म्हणाली, "गेला का?"

"गेला."

"बरं झालं. पाणी दे थोडं."

लय परत आली होती. मी तारा काढायला हात लावला तर मॅडम म्हणाल्या, "थांब. चालू राहू दे."

तो आल्यापासून एकोणिसाव्या मिनिटाला डाव्या कानशिलाच्या तारेवर एक टोकदार रेघ उठली. मग दुसरी. मग एकामागं एक उठायला लागल्या. मायला त्याचा पत्ताच नव्हता, ती मला दगडाबाईची म्हैस व्याली का ते विचारत होती. सव्विसाव्या मिनिटाला तिचं बोलणं अर्ध्यात थांबलं. तोंड डावीकडं गेलं आणि अंग आकडलं. पडद्यावर एकवीसच्या एकवीस रेघा एकाच तालात उड्या मारत होत्या. मी तिला कुशीवर वळवून धरलं. टेबलाच्या कडेला तिचे दात लागले, ओठ फाटला, माझा हात रक्तानं भरला.

आबा तेव्हा दुसरा चहा पीत होता.

मॅडमनी नंतर मला बसवून सांगितलं. भीती अंगात दोनदा येते, म्हणाल्या. पहिली लगेच येते. छाती धडधडते, घाम फुटतो. दुसरी सावकाश येते. मूत्रपिंडाच्या वर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. ते चढायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो. तोवर मारणारा निघून गेलेला असतो, माणूस पाणी मागत असतो. पण ते रक्तातून मेंदूत पोचतं आणि पेशींची लय बिघडवतं. आधीच जुनी जखम असलेल्या मेंदूत कधी कधी सगळ्या पेशी एकदम, एकाच तालात पेटतात. तीच फिट.

"सगळ्या पेशंटचं असं होत नाही," त्या म्हणाल्या. "काहींचं होतं. एका नोंदीवरून मी छातीठोक सांगणार नाही, रक्त तपासू. पण मला सांग, आईंच्या डोक्याला कधी मार लागला होता?"

माय टेबलावरून म्हणाली, "पडले व्हते."

मी गप्प बसले. चार वर्षं झाली तरी माझी ती सवय गेली नाही.

अर्धा तास, भाऊ. मी कशाबद्दल लिहिते आहे ते तुझ्या ध्यानात आलं असेल.

आशा

१२ जुलै २०१५

भाऊ,

हे मला कोर्टात सांगायचं होतं, ते आता कागदावर सांगते.

अठरा मे २०११. तू कांदा घेऊन वैजापूरला गेला होतास. मायला विहिरीवरून यायला उशीर झाला. एवढंच कारण. आबानं बैलाचा कासरा दुहेरी केला, हौदात भिजवला आणि तिला गोठ्यात नेलं. मी दारात उभी होते. पाठीवर किती मारले ते मोजले नाहीत. शेवटी तिचे केस धरून त्यानं तिचं डोकं गव्हाणीच्या दगडावर आपटलं. दोनदा. मला तो आवाज अजून ऐकू येतो. ओला नारळ फुटल्यासारखा नव्हता, त्याहून बसका होता.

मग त्यानं हात धुतले आणि मला म्हणाला, "वाढ."

मी वाढलं. माय उठली, तोंडावर पाणी मारलं, पदर डोक्यावरून घेतला आणि अंगण झाडायला लागली. गावातला सांडू ट्रॅक्टर घेऊन आला, ओसरीवर बसून आबाशी पेरणीचं बोलत राहिला. वीस-पंचवीस मिनिटं सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. मग माय झाडू हातात घेऊनच पडली.

तेवढ्यात तू आलास. तुला काय दिसलं? माय फेस काढत जमिनीवर, आबा ताटावर, सांडू शेजारी. तू मला विचारलंस, "आशे, यानं मारलं का?"

आबानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "नाय. आपोआप आली."

तू खाली वाकलास, मायचा पदर बाजूला केलास, मानेवरचा वळ बघितलास. मग कोपऱ्यातली पहार उचललीस. पहिला घाव त्याच्या कोपरावर, दुसरा खांद्यावर. तिसरा डोक्यावर बसायचा तो सांडूनं तुला मागून धरलं म्हणून कानावरून गेला. आबाचा कान ताटात पडला होता, भाऊ. मी ते ताट नंतर घासलं.

कोर्टात सांडूनं खरंच सांगितलं. त्यानं आबाला जेवतानाच बघितलं होतं. मायला विचारलं, नवऱ्यानं हात लावला होता का? ती म्हणाली, नाय. मला विचारलं. मी म्हणाले, नाय. वळाचं विचारलं तर म्हणाले, हंड्याच्या दोरीचा आहे. तुझा वकील परत परत सांगत होता की यानं बायकोला मारलं म्हणून मुलगा चिडला. पण समोर साक्षीदार होता की माणूस अर्धा तास शांत जेवत होता. जेवणाऱ्या बापावर पोरानं पहार घातली, असंच ते दिसलं. सात वर्षं.

मायच्या फिटा नेहमी मारून झाल्यावर, तो वावरात गेल्यावर, पाहुण्यांत बसल्यावर यायच्या. तीस वर्षं तो सांगत आला, मी तर तिथं नव्हतोच. आणि सगळ्यांना ते पटत आलं. कधी कधी मलासुद्धा पटायचं.

मी घाबरले होते. म्हणून खोटं बोलले.

मॅडमनी मायचं रक्त दोन वेळा तपासलं. आबाचा फोन येऊन गेल्यावर अर्ध्या तासानं घेतलेल्या नमुन्यात ते हार्मोन दुपटीहून जास्त होतं. त्या दिवशीचा आलेखही टोकदार रेघांनी भरला. मी मॅडमना तुझी केस सांगितली. त्यांनी मायचा आलेख पुन्हा काढून बघितला. मग म्हणाल्या, "तिला अशी फिट येऊ शकते, एवढं मी लिहून देईन. पण त्या दिवशी कुणी मारलं ते माझ्या कागदावर नाही, आशा. ते ज्यानं बघितलं त्यालाच सांगावं लागेल."

तुझं अपील खंडपीठात आहे. मी काय करू ते एका ओळीत कळव.

आशा

२५ ऑगस्ट २०१५

भाऊ,

तुझं कार्ड पोचलं. 'वकिलाला भेट.' चार वर्षांत तुझे हे दोन शब्द. बद्रीनाथ वकिलांना मी भेटले. खोटी साक्ष दिली हे मी लिहून द्यायचं, मग ते वरच्या कोर्टात अर्ज करतील, असं ठरलं. त्यांनी बजावलंही, "बाई, यात तुमच्यावर उलट केस होऊ शकते." मी हो म्हणाले आणि कागद करायला सोमवारची वेळ घेतली.

हे आबाला कुणी सांगितलं माहीत नाही. शनिवारी दुपारी तो माझ्या खोलीवर आला. दार लाथेनं उघडलं. त्याचा उजवा हात तू मोडलास तेव्हापासून वाकत नाही, पण डाव्या हातात अजून पहिल्यासारखीच ताकद आहे. पहिला ठोसा माझ्या तोंडावर बसला. समोरचे दोन दात जिभेवर आले. मी पडले तशी त्यानं पोटात लाथ घातली आणि ओरडायला लागला. "शिकवली कुणी तुला? शहरात कुणी धाडली? शब्द दिला व्हता ना तू मला? दिला व्हता का नाय?"

माय ओट्याजवळ उभी होती. तिनं ऐकलं. मला वाटतं तिला ते तोवर ठाऊक नव्हतं.

मागच्या पत्रात मी घाबरले होते म्हणून लिहिलं. ते खरं आहे, पण अर्धं आहे. साक्षीच्या आधी आबानं मला गोठ्यात बोलावून सांगितलं होतं, "माझ्या बाजूनं बोललीस तर औरंगाबादला शिकायला जाऊ देईन. नाय तर खुलताबादकडचं ते स्थळ हाये, पुढच्या महिन्यात उजवून टाकतो." तो माणूस दोन बायका केलेला होता. मी एक रात्र विचार केला आणि सकाळी हो म्हणाले. या खोलीचं, या नोकरीचं, मशीन चालवायला शिकले त्याचं मोल तू आत बसून दिलंस. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तोंड सुजलेलं असल्यामुळं आज नीट बोलता येत नाही, लिहिता तरी येतंय.

पुढचं सांगते. तो माझ्या केसाला धरून डोकं भिंतीकडं नेत होता. मायनं पाट्यावरचा वरवंटा उचलला. तिचा डावा हात जळालेला, उजव्यानंच उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तो वळला तर तिनं दुसरा घाव गुडघ्यावर घातला. तो खाली बसला. ती तिसरा घालणार होती, डोक्यावर. मी तिच्या कमरेला मिठी मारली. ती म्हणत होती, "सोड मला, आशे. सोड. येकदाचं व्हऊ दे." तिच्या अंगात इतका जोर होता की आम्ही दोघी त्याच्या अंगावर पडलो.

शेजारचे रामकिसन भाऊजी आणि वरच्या मजल्यावरची माणसं धावत आली. त्यांनी त्याला धरून बाहेर नेलं, पोलीस बोलावले. माय भिंतीला टेकून बसली. मी तोंडाला फडकं लावून घड्याळाकडं बघत होते. तिला कुशीवर निजवलं, उशाशी काही टणक ठेवलं नाही, औषधाचा फवारा हाताशी घेतला. ती म्हणाली, "आज नाय यायची. आज मी मारलंय."

एकविसाव्या मिनिटाला आली. आजवरची सगळ्यांत वाईट. नाकात फवारा मारला तरी नऊ मिनिटं थांबली नाही. ओठ निळे पडले. पोलिसांनीच त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. आज सकाळी डोळे उघडून तिनं विचारलं, "मेला का?" मी म्हणाले, नाय, जित्ता हाये. तिनं तोंड फिरवलं.

पोलिसांना मी सगळं बयान दिलं आहे. शनिवारचं दिलं आणि १८ मे २०११ चंही दिलं. कागदावर सही केली.

आशा

६ डिसेंबर २०१५

भाऊ,

परवाच्या मुलाकातीला तू हो म्हणालास याचं मायला फार अप्रूप वाटलं. तिनं आठ दिवस आधीपासून लुगडं धुऊन ठेवलं होतं.

तू बारीक झालास. केस पिकलेत. तुला ओळखायला मला क्षणभर लागलं, मायला लागलं नाही.

तू जे बोललास ते बोलायचा तुला हक्क होता. "साडेचार वर्षं! माझी साडेचार वर्षं दोघींनी खाल्ली!" तू जाळीवर मूठ आपटलीस. शिपाई आला तरी आपटत राहिलास. बोटांतून रक्त आलं. मी ऐकून घेतलं. मायकडं बघून तू म्हणालास, "तू तर माझी माय ना? तू पण नाय म्हणालीस?" तिला बोलायचं होतं, वेळ संपली.

कोर्टाचं कळवते. वरच्या कोर्टानं माझी आणि मायची जबानी पुन्हा घ्यायला सांगितलं. माझी दोन तास चालली. सरकारी वकिलानं विचारलं, "तेव्हा खोटं बोललात, मग आता खरं बोलताय हे कशावरून?" मी म्हणाले, "तेव्हा मला बदल्यात काहीतरी मिळणार होतं. आता मिळण्यासारखं काही नाही." मायला विचारलं, मारलं होतं का? तिनं विचारलं, "कोणत्या दिवशी?" वकील म्हणाले, त्या दिवशी. ती म्हणाली, "त्या दिवशी मारलं. आदल्या दिवशी पण मारलं. माझं लग्न झाल्यापास्नं धरा." मग तिनं न्यायाधीशांपुढं मान वाकवून केसांतले वण दाखवले. पद्मजा मॅडमनी आलेख ठेवला. कोणती रेघ कधी उठली, तेव्हा नवरा कुठं होता, किती मिनिटं झाली होती, हे त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. जेवढं माहीत आहे तेवढंच बोलल्या.

आबा जामिनावर गावात आहे. त्याला औरंगाबादेत यायची मनाई आहे. दोन्ही हात निकामी झालेत, दगडाबाई म्हणते, चहाची कपबशी दोन्ही मनगटांत धरून पितो. मला त्याची दया आली का, असं स्वतःला विचारून बघितलं. आली नाही.

माय बरी आहे. काळजी करू नको.

आशा

१२ मार्च २०१६

भाऊ,

बद्रीनाथ वकिलांनी तुला सांगितलंच असेल. कोर्टानं चिथावणी होती हे मान्य केलं, जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम काढलं आणि भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हटलं. सोमवारी तू सुटशील. मला खोट्या साक्षीबद्दल नोटीस लागली आहे, एप्रिलमध्ये तारीख आहे. वकील म्हणतात, स्वतःहून आलात हे बघितलं जाईल. बघितलं नाही तर मी आत जाईन. त्याची तयारी आहे.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला आठ दिवस घेतले.

डिसेंबरात मी लिहिलं, माय बरी आहे. खोटं लिहिलं. त्या दिवशी तुझ्याकडून निघून आम्ही रिक्षात बसलो. ती खूश होती. "अंगानं वाळलाय, पर डोळे तसेच हायेत," असं काहीबाही बोलत होती. टी.व्ही. सेंटरच्या चौकात तिचं बोलणं थांबलं. तू जाळीवर मूठ आपटून पंचवीस मिनिटं झाली होती. रिक्षात जागा नव्हती, तिचं डोकं लोखंडी दांड्यावर आपटत राहिलं. सहा टाके पडले.

मी मॅडमना विचारलं, तो तर तिचा मुलगा आहे, तिच्यासाठी आत गेला, त्याला बघून असं का व्हावं? त्या म्हणाल्या, "आवाज कुणाचा ते मेंदूला नंतर कळतं. चढलेला आवाज आणि आपटलेली मूठ त्याला आधी कळते. अंगातलं हार्मोन नातं विचारत नाही."

तुझा आवाज आबाचा आहे, भाऊ. तसाच चढतो, तसाच शेवटी फाटतो. मूठ आपटतानाचा तुझा खांदासुद्धा त्याचाच होता. पहार उचललीस तेव्हा मला वाटलं होतं, आमच्यासाठी कुणीतरी उभं राहिलं. तेही खरं आहे. पण आबाला मारताना तुझ्या तोंडावर जे होतं ते मी आबाच्या तोंडावर आयुष्यभर बघितलं आहे.

म्हणून मी ठरवलं होतं की तुला लिहायचं, सुटल्यावर इकडं येऊ नको. रामकिसन भाऊजींच्या ओळखीनं चिकलठाण्याला एका कारखान्यात काम आणि राहायची सोय बघितली आहे. सहा महिने तिथं राहा, मग बघू. तसं पत्र लिहून पाकिटात घातलंही होतं.

मायनं विचारलं, काय लिवलं? मी वाचून दाखवलं. ती ताटावरून उठली. एवढी चिडलेली मी तिला वरवंट्याच्या दिवसानंतर आजच बघितली.

"तू कोण त्याला नको म्हणणारी?"

"तुला फिट येईल, माय. डोकं फुटून मरशील एखाद दिवशी."

"मरंन. तीस वरीस मेले नाय, आता लेकरानं हाक मारली म्हणून मरंन का? आन् मेले तर मेले. डोकं माझं हाये. तुझ्या मशीनचं नाय."

मी रडले. ती रडली नाही. म्हणाली, फाड ते. मी सांगते तसं लिही.

तिचं लिहिण्याआधी माझं एक लिहिते. सोमवारी दहा वाजता मी फाटकाबाहेर उभी असेन. तुझा जो राग असेल तो तिथं काढ, घरी येईपर्यंत सगळ्या रस्ताभर काढ. मी ऐकेन, माझं देणं आहे ते. पण तिच्यासमोर आवाज चढवलास तर मी तुला घराबाहेर काढीन, आणि दोघींपैकी कुणालाही हात लावलास तर पोलिसात जाईन. आबाला आत घातलं तसंच तुलाही घालीन. हे लिहिताना मला तुझी भीती वाटते आहे, आणि तू घरी यावास असंही फार वाटतंय.

आता माय सांगते तसं:

"कारभारी, लेकरा, ये. मी कोर्टात नाय म्हणले, तू आत ऱ्हायला, ते माझ्या जिवाला लई लागलंय. मला तुझी माफी नको, तू तेवढा दिस. पर दारात वरडू नको. तुझ्यात मला तुझ्या बापाचा आवाज ऐकू येतो. तो काढून ये म्हणत नाय, आसा येकदम निघत नसतो. तू आलास का हातपाय धू आन् माझ्या म्होरं बस. हळू बोलता आलं तर बोल. नाय आलं तर मुक्यानं बस. मी भाकरी करते, तू खा. माझा हात कापला, माझं तोंड वाकडं झालं, तर घाबरू नको आन् कुणावर धावून जाऊ नको. माझ्या डोस्क्याखाली तुझा हात ठेव, बास. तेवढं करायला शिक."

आशा